परमिट

माझ्याकडे दोन कागद आहेत.
पहिल्यावर सरकारी शिक्का :
श्री. उल्हास माधव दिघे, वय छप्पन्न, राहणार दांडिया बाजार,
यांना प्रकृतीच्या कारणास्तव
महिन्याला इतके युनिट पिण्याची मुभा आहे.
दुसरा रावपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंचा.
रात्री जेवणानंतर एक. पांढरी, तिळाएवढी.
खाली लाल पेनाने, दारू बंद,
आणि बंदच्या खाली दोन रेघा.

आजार दोन्ही कागदांवर एकच लिहिलाय.

सुरुवातीला मी वाटणी केली,
मालतीच्या भावांनी आई वाटून घेतली होती तशी.
सहा रात्री गोळी, शनिवारी ती.
मग शनिवार शुक्रवारीच यायला लागला.
मग बुधवारी.
एकदा तर सोमवारी सकाळी दात घासताना
शनिवार होता.

पाकिटात गोळ्या उरत गेल्या
आणि मला बरं वाटायचं,
कंजूष माणसाला वाटतं तसं.

उत्तरायणच्या रात्री मात्र दोघी एकदम.
आठला गोळी, कारण मालती समोर उभी होती.
नऊला गच्चीवर मेहुण्याची थम्स अपची बाटली,
जिच्यात थम्स अप कमीच होतं.
उंधियूचा वास, चार गच्च्यांवरचे चार भोंगे,
वर कुणाचे तरी कंदील चढत होते
आणि मी फिरकी गुंडाळत होतो.
गुंडाळत होतो.
मांजा हलका येत होता, फार हलका,
म्हणून मी त्याच्या मागे मागे थोडा पुढे गेलो.

“काका, पतंग तो क्यारनी कपाई गई.”

शेजारचा हार्दिक. सातवीत आहे.
त्याने माझा स्वेटर मागून
दोन्ही मुठींत धरला होता.
कठडा माझ्या मांड्यांना लागत होता.
खाली कुणाची तरी स्कूटर, तिच्यावर झाकलेलं प्लास्टिक,
सगळं अगदी स्वच्छ दिसलं.

तो स्वेटर मागून अजून लोंबतो.
मालतीला वाटतं धुण्यात गेला.

मार्चमध्ये परमिटची मुदत संपली.
खिडकीशी जाऊन म्हटलं, पुढे नको.
कारकुनाने सगळे खण उघडून पाहिले.
नको म्हणण्यासाठी त्याच्याकडे फॉर्म नव्हता.
“तबियत सारी थई गई, साहेब?”
नाही, म्हटलं.
नाही, म्हणूनच.

त्याने पेन कानावर ठेवलं
आणि माझ्या मागच्याला बोलावलं.