तीन रात्रींत सवय होते

पहिल्या रात्री ती रडली
पावणेबारापासून, थांबून थांबून,
जसं कुणी परक्या दाराची कडी वाजवावी
आणि मधे कान देऊन ऐकावं
आत कुणी उठतंय का.

जिनं हट्टानं आणली ती शर्वरी
तोंडावर पांघरूण घेऊन गाढ.
खालच्या मजल्यावरच्या प्रधानांनी
एकदा खोकून दाखवलं.
वृंदा म्हणाली, टिकटिकणारं घड्याळ
फडक्यात गुंडाळून ठेवतात म्हणे शेजारी,
पिल्लाला वाटतं आईचं काळीज.
रात्री एक वाजता आम्ही दोघांनी
कपाटाचे खण उपसले.
पाच घड्याळं निघाली, सगळी मुकी.
भिंतीवरचंसुद्धा नुसतं सरकतं.

सकाळी कन्नमवार नगरात
प्रत्येकाकडे उपाय होता.
दूधवाला म्हणाला, हळद घाला.
इस्त्रीवाली म्हणाली, दृष्ट काढा, काळी आहे ना.
प्रधान म्हणाले, अजिबात जवळ जाऊ नका.
रडू द्या. तीन रात्रींत सवय होते.

मी हो म्हणालो.
बस गांधीनगरच्या सिग्नलला अडकली तेव्हा कळलं
हे वाक्य आधी कुठं ऐकलंय.
सातारा. वसतिगृह. इयत्ता पाचवी.
लोखंडी खाट, पत्र्याची पेटी,
वडिलांची एस्टी नुकती सुटलेली,
आणि रेक्टर शिपायाला सांगतायत, हेच,
अगदी ह्याच आवाजात.
चौथ्या रात्री मी गप्प झालो.
त्याला ते झोप म्हणाले.

संध्याकाळी पंचा घेऊन
याकूबच्या गॅरेजवर गेलो.
चाकं काढलेल्या ओमनीखाली, गोणपाटावर
सुपारीची आई पसरली होती.
दोन पिल्लं लुचत होती, तीन गेलेली,
त्यातलं एक आमच्याकडे.
मी वाकून पंचा तिच्या पोटावरून फिरवू लागलो.
ती गुरगुरली.
मग माझा हात हुंगला. बोटं. तळवा.
अंगठ्याशी थांबली.
रात्रभर तोच चोखला होता सुपारीनं.
पुष्कळ वेळ हुंगला.
काय समजली कोण जाणे,
हनुवटी परत पंजांवर ठेवली.

मी म्हणालो, बरी आहे.
याकूबला वाटलं मी त्याची चौकशी करतोय.
बरंय, म्हणाला, फक्त गुडघा दुखतो.

दुसऱ्या रात्री मिक्सरच्या खोक्यात पंचा,
पंच्यावर सुपारी,
खोक्याला लागून माझी सतरंजी
आणि आत माझा एक हात.
प्रधानांना काय सांगायचं ते उद्या बघू.

अडीच वाजता ती चुळबुळली.
उचलली, चार मजले उतरलो.
वॉचमन झा दचकून उठला
आणि जागाच असल्यासारखा जांभई दाबत म्हणाला,
क्या हुआ साब.
काही नाही. हिला लागलीय.
पण हिला घाई नव्हती.
अकरा स्कूटर, बावीस टायर,
प्रत्येकाची विचारपूस झाली.
कांजूरकडून डंपिंगचा वास घेऊन वारा आला,
मी नाकाला रुमाल लावला,
तिनं मान वर केली, डोळे मिटले,
तिला बहुतेक लांबलचक पत्र आलं होतं.
ते वाचून झालं तेव्हा कुठं बसली,
माझ्या चपलेच्या अगदी शेजारी.

वर आलो. पुन्हा खोकं, पुन्हा हात.
ह्या वेळी तिनं जागा शोधली,
दोन गिरक्या घेतल्या
आणि माझ्या मनगटावर कान टेकून पडली.
हाताला मुंग्या आल्या. हलवला नाही.
बाहेर पहिला पाणी चढवायचा पंप सुरू झाला.

वृंदा पाणी प्यायला उठली.
अंधारातच तिनं विचारलं, झोपली?
मी म्हणालो, गप्प आहे.
मग वाकलो, खोक्यात कान घातला.
बारीक, ओलसर,
एवढ्याशा नाकातून ती घोरत होती.

झोपली, म्हणालो.