येण्याचे कारण

गाडी सात तास उशिरा. स्टेशनाबाहेर
धुकं इतकं, की रिक्षावाला
समोरच्याच्या हॉर्नमागून हॉर्न ओढत चालला होता.
किल्ला कुठे, विचारलं
तर त्याने हात नुसताच वर केला,
पांढऱ्यात.

मुळ्यांचं गेस्ट हाउस दानाओलीच्या मागे.
खाली सायकलचं दुकान, वर भाड्याच्या तीन खोल्या,
त्याच्या वर ते स्वतः.
वैजयंतीबाईंनी रजिस्टर उघडलं.
आधीच्या ओळींत लग्न, लग्न, कोर्टाची तारीख,
एकाने लिहिलेलं, ‘सहज’.
‘येण्याचे कारण’च्या चौकटीत
केतकीने लिहिलं, लांब उडी.

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
“मग बेटा, सकाळी अंडी लागत असतील.
आमच्या चुलीवर होत नाहीत,
शेजारून उकडून मागवते.”
आणि मला, “आपलं भोजन व्हायचं असेल ना?
गीझर लावून देते, थंडी फार पडून राहिलीय.”
कऱ्हाडच्या माझ्या कानांना वाटलं,
एकाच दमात त्या दोन वेगळ्या पाहुण्यांशी बोलल्या.
त्यातली मी कोणती, हे ठरवेपर्यंत
चहा आला.

धुक्यामुळे चाचणी एक दिवस पुढे गेली.
आमची खोली मात्र त्या दिवसापासून
भिंडच्या वऱ्हाडाला दिलेली.
शिरीषराव डोकं खाजवत म्हणाले,
“वर एक आहे. जादाची.”

जादाच्या खोलीत
दारामागे शाळेचा निळा स्वेटर,
खिडकीत अर्धी खोकल्याची बाटली,
कॅलेंडरवर दुधाचे खाडे.
पलंगपोस नवा, घडीच्या रेघा तशाच,
आणि उशीला अजून
कुणाच्या तरी खोबरेल तेलाचा वास.
केतकीला मी काही बोलले नाही.
तिला झोप हवी होती.

रात्री पाण्यासाठी उठले.
खुर्च्या टेबलावर उलट्या चढवलेल्या,
खाली ओळीने चौघं,
धाकट्याचे तळवे फ्रिजला टेकलेले.
बाई जाग्या होत्या. मला पाहिलं,
आणि इतक्या घाईने डोळे मिटले
की मीही मग
तहान लागली नसल्यासारखी परत फिरले.

सकाळी खुर्च्या जागच्या जागी.
“झोप झाली ना नीट?” त्यांनी विचारलं.
“आणि तुमची?” असं मी विचारू शकले नाही.

केतकी दुपारी परतली,
मोज्यांत वाळू, ओठ फुटलेले.
पाच मीटर बारा. घेतील की नाही, महिन्याने कळेल.

बिलात दोनच रात्री होत्या.
“तिसरी?”
“ती खोली हिशेबात नसते हो.”
मी पाचशेची नोट पुढे सरकवली, त्यांनी मागे.
टेबलावर ती दोन-तीन वेळा गेली आली,
आणि शेवटी गजकचे दोन डबे होऊन
माझ्याच पिशवीत पडली.

धाकटा ओंकार मध्येच म्हणाला,
“पाच मीटर बारा म्हणजे केवढं?”
कुणालाच सांगता येईना.
बाईंनी शिवणाची टेप आणली, दीडशे सेंटीमीटरची.
ओट्याच्या कडेपासून सुरुवात.
रात्री त्यांची अंथरुणं होती, तिथूनच
टेप एकदा गेली,
दुसऱ्यांदा टेबलाचा पाय ओलांडून,
तिसऱ्यांदा चपलांच्या फळीपर्यंत.
वर बासष्ट उरले, दार लागलं.
दार उघडलं.
शिरीषराव उकिडवे होऊन
जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकले, म्हणाले,
“अहो, ही तर घरात मावतच नाही.”

ओंकारने खडूने रेघ ओढली.
वऱ्हाडातली दोन माणसं
अंगाला उटणं लावलेली, वर बघत थांबली होती,
बाजूने जाऊ की रेघेवरून.

“आई, किल्ला,” केतकी जिन्याच्या खिडकीपाशी म्हणाली.
बहुतेक दिसत असावा.
आम्ही सगळे खाली बघत होतो.