वाक्य एकोणीस

तीस वाक्यं आहेत. शनिवारपर्यंत
ती माझ्या आवाजात नुकूसला पोचली पाहिजेत.
अमंगुलबाई म्हणाल्या, अर्थाच्या मागे लागू नकोस,
आधी जीभ वळू दे.

म्हणून मी वाचते, मुयनाकच्या घरात, चुलीशी बसून.
खिडकीच्या फटीत ओला फडका कोंबलाय,
तरी वाऱ्याबरोबर आलेलं मीठ
फोनच्या काचेवर बसतंच.
वाक्य पहिलं: उंचीबरोबर पाण्याचा उत्कलनबिंदू खाली येतो.
वाक्य चौथं: जुन्या साम्राज्यांचे कर धान्यात मोजले जात.
वाक्य सातवं इतकं लांब
की क्रियापद येईस्तोवर चहावर साय धरते.

बाबा ऐकतात. इंग्रजीचं एक अक्षर त्यांना येत नाही,
पण चाळीस वर्षं पंप दुरुस्त केलेत,
नुसता कान लावून सांगतात कुठे हवा शिरलीय.
"इथे," बोट वर करून म्हणतात, "इथे दम तुटला तुझा.
परत."
'देअरफोर'च्या आधी थांबायचं असतं
हे मला त्यांनीच शिकवलं.
'थ' मात्र त्यांना पटत नाही:
जीभ दातांत धरून बोलायची वेळ
माणसावर यावीच का?

वाक्य एकोणीस.
गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नद्या वळवल्या गेल्या
आणि परिणामी सरोवराचं क्षेत्रफळ घटलं.
एका दमात वाचलं मी. गुळगुळीत.
बोट वर गेलं नाही.
"हे इंजिन छान चाललं. म्हणतंय काय?"

मी सांगितलं.
"सरोवर?" ते नाकातून हसले.
"माझ्या बापाला दोनदा गिळायला उठलं होतं.
तळं होय ते?"
मग पियाला तळहातात फिरवत राहिले.
"आणि नद्या कुणी वळवल्या? ते आहे पुढे?"

नाही, म्हटलं. असल्या वाक्यात
कर्ता नसला तरी चालतं, शास्त्राची रीत आहे.
कर्म पुढे येऊन उभं राहतं,
करणारा मागच्या दाराने निघून जातो.

"बरी सोय आहे."

बराच वेळ फक्त साक्सौलचं लाकूड तडतडलं.
"अठराव्या वर्षी," ते म्हणाले,
"एक उन्हाळा बुलडोझर चालवला मी, दक्षिणेला.
कालवा होता. कापसासाठी, असं सांगायचे.
पाणी सोडलं त्या संध्याकाळी आम्ही पोरांनी
कपड्यांसकट उड्या मारल्या. गोड पाणी.
पगारातून आईला निळ्या फुलांचं कापड आणलं.
तिने ते शिवायला घेतलं त्या हिवाळ्यात
होडीपासून घरी यायला बापाला
पाऊण तास जास्त लागू लागला होता.
दोन्ही गोष्टी एकाच घरात होत्या.
कुणी बेरीज केली नाही."

चूल उगाचच ढोसली त्यांनी.
"लाव ते यंत्र. वाच परत."

मी लाल टिंब दाबलं.
नद्या वळवल्या गेल्या
तिथे स्वल्पविराम नाही, दम घ्यायची जागा नाही,
तरी मी थांबले, का कोण जाणे,
आणि त्या फटीत बाबा म्हणाले, "मेन."
आमच्या भाषेत, मी.
एवढंच. घसा साफ करावा तसं.

उरलेली अकरा वाक्यंही झाली त्या रात्री:
तापवल्यावर धातू प्रसरण पावतात,
प्लेग जहाजांतून आला, चंद्र पाणी ओढतो.
चंद्राच्या वाक्याला बाबा झोपलेले होते.

शनिवारी अमंगुलबाईंचा निरोप:
तीसपैकी एकोणतीस उत्तम, बिबीनाझ.
एकोणीसमध्ये मागून कुणाचा तरी आवाज येतोय.
ते खोडून पुन्हा पाठव.

बाबा बाहेर गेले होते, शेजाऱ्याचा पंप बघायला.
रिकाम्या घरात वाचलं मी ते वाक्य,
कुठेही न थांबता, आणि पाठवलं.

जुनं खोडलेलं नाही.
फोनमध्ये दोन्ही एकाखाली एक आहेत,
नाव तेच, तारीख तेवढी वेगळी.
जुनं दोन सेकंदांनी मोठं भरतं.