चाचणी खेळ

बेकर्सफील्डच्या मॉलमध्ये, गुरुवारी रात्री,
नाव न ठरलेला सिनेमा दाखवून झाला की
मी कार्डं गोळा करते. पेन्सिली परत मिळत नाहीत.

वेंडेल ओकरलुंडनं लिहिलेला एक प्रसंग होता त्यात:
भांडून संपलेले नवरा-बायको
आता भांडी वाटून घेतात.
चार मिनिटं, जवळजवळ न बोलता.
ती एक डाव त्याच्या खोक्यात ठेवते,
मग काढून घेते.

तेवढ्यात अंधारात मोबाइल उजळले,
हनुवट्या निळ्या झाल्या,
एक अख्खी रांग पॉपकॉर्नला उठली.

"सतरा वर्षांची पोरं तीन-तीनदा येतात,"
स्टुडिओचा माणूस म्हणाला,
"पहिल्याच शुक्रवारी, चार मित्रांना ओढत.
तुमच्या वयाचे म्हणतात, बघू घरी, सावकाश."
वेंडेल गप्प.
तोही वर्षभरात थिएटरची पायरी चढला नव्हता.
गुडघे, पार्किंग, तो आवाज.

आता त्या जागी पूल कोसळतो.
छान कोसळतो, खोटं कशाला बोलू.
माझ्या हातातला कॉफीचा पेलासुद्धा थरथरला.

कार्डं मोजताना एक सापडलं.
वय पंधरा, अक्षर गिचमिड,
एकाही चौकटीत खूण नाही,
खाली तिरकं लिहिलेलं:
तिनं तो डाव परत का घेतला?

खूण नाही म्हणून मोजणीत आलं नाही.
पर्समध्ये आहे अजून,
पार्किंगच्या पावत्यांत,
एका कोपऱ्याला लोणी लागलेलं.