ओघळ

उद्यमनगरात, फौंड्रीच्या मागल्या बोळात माझं शेड.
पत्र्यावर नाव माझ्याच हातचं : दस्तगीर पेंटर.
चाळीस वर्षं रंगवतोय,
ट्रॅक्टर, टेम्पो, चेअरमन लोकांच्या जीपा
आणि एकदा एका तालमीचं दार.

ही आली ताडपत्रीखाली झाकून,
दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची.
इंजिन निराळं, पोत्यात.
तारदाळकर म्हणाले, मामांची गाडी,
कारखान्यातनं निघाली तशी पाहिजे.
म्हटलं, नव्यासारखी करतो.
म्हणाले, नव्यासारखी नको. तशी.

मडगार्डावर पाणीपेपर फिरवला, गोल गोल.
वर लाल, कुणाच्या तरी वरातीतला.
त्याखाली काळा.
त्याखाली पांढरा, ब्रशनं मारलेला,
ब्रशाचा एक केस अजून आत.
मग रुपयाएवढ्या जागेत
कच्ची चिंच मोडल्यावर दिसतो
तसला हिरवा.
तारदाळकरांनी चष्मा पुसला.
मला तर लालच आठवते, म्हणाले,
आणि खुर्ची ओढून बसले.

मग रोज यायचे, वही घेऊन.
टाकीमागं नुसता प्रायमर, लिहून घेतलं.
डिकीच्या आत रंग अर्ध्यावर सोडलेला, लिहून घेतलं.
डॅशबोर्डाखाली वायरींवर हिरवी बुरबूर,
आणि पत्र्यावर खडूचा आकडा, एक्केचाळीस,
कुणाचा, कशाचा, काही कळंना.
तोही लिहून घेतला.

डाव्या दाराच्या रबराखाली
सापडला ओघळ.
जोंधळ्याएवढा, वाळून बसलेला.
कुणी तरी गन जरा जास्त धरलेली तिथं,
सत्तर वर्षांमागं, सातासमुद्रापार.
हा पण पाहिजे, म्हणाले.

साहेब,
उस्तादानं पहिल्या ओघळाला कानफटात दिलेली मला.
दुसऱ्याला जेवण बंद.
तिसरा मी केलाच नाही.
आता या वयात कसा करू?

पत्र्याच्या तुकड्यांवर बघितलं.
थिनर वाढवला, गन जवळ नेली,
हात आपला आपणच पुढं सरकायचा.
सत्तावीस तुकडे, सगळे आरशागत.
शेवटी इर्शादला बोलावलं,
रोज ओघळ काढतो, रोज शिव्या खातो.
म्हटलं, मार, बिघडव.
पोरगं घाबरलं,
आणि जन्मात पहिल्यांदा
असा सपाट हात मारला त्यानं
की मला राग यावा का हसू, समजंना.

दार तसंच ठेवलं.
बाकीची गाडी झाली, टाकीमागं प्रायमर उघडा,
खडूचा आकडाही काढला,
चाराचं पोट उघडं, होतं तसं.

परवा संध्याकाळी दाराला शेवटचा हात देत होतो.
फौंड्रीचा भोंगा झाला.
बोळातनं सायकली निघाल्या, डबे वाजवत.
मनात आलं, झुबेदाचं औषध संपलंय,
दुकान आठला बंद.
एवढंच.
खाली बघतो तर रबराच्या जागी
हिरवा थेंब जड होऊन
हळू उतरत होता.
पुसायला बोट गेलंच होतं,
दुसऱ्या हातानं मनगट धरलं.

सकाळी तारदाळकरांनी पट्टी लावली, वही उघडली.
दस्तगीरभाई, दोन मिलिमीटर लांब झालाय.

म्हटलं, असंल.
त्या माणसाचं घर जवळ असंल.