आठ मायक्रॉन

दिवसभर रबाळ्याच्या शेडमध्ये
मापात न बसणारे तुकडे मी लाल ट्रेत टाकतो.
आठ मायक्रॉन जास्त? लाल.
प्रत्येक नकाराखाली माझी सही, वि. ग. साटम,
आणि शिफ्ट संपल्याचा भोंगा.

रात्री घणसोलीत, ताटं उचलून झाली
की त्याच टेबलावर फडकं अंथरतो
आणि तीच चूक शोधत बसतो
जी दुसऱ्या कुठल्या शेडमधल्या
दुसऱ्या कुणा साटमाच्या नजरेतून निसटली असेल.

कारण कुलूप उघडतं ते चुकीमुळे.
सगळी भोकं एका रेषेत असती
तर ताण सगळ्या पिनांवर एकदम आला असता
आणि बोटांना काहीच कळलं नसतं.
पण एक कुणीतरी आधी अडते.
जी आधी अडते
तिच्याशी आधी बोलायचं.

हे मात्र बोलत नाही.
तुर्भ्याच्या भंगारात साडेतीनशेला मिळालं.
"किल्ली असती तर बाराशे घेतले असते,"
अन्वर म्हणाला होता.
पोटात सहा पिना, चार रिळासारख्या कंबरेत बारीक,
आणि बाजूला एक पट्टी, सासुरवाडीच्या थोरल्या जावेसारखी:
सगळ्या नुसत्या आपापल्या उंचीवर येऊन चालत नाही,
आपापल्या कोनात वळून उभ्या राहिल्या
तरच ती बाजूला सरते.

माझ्याकडे रिक्षाच्या वायपरमधली एक पोलादी पट्टी,
हॅकसॉचं घासलेलं पातं
आणि अकरा महिने.

"उघडलं तर आत काय आहे?" हेमांगी विचारते.
आत काही नाही.
त्याला दारच नाही.

नियम एकच: जे माझं नाही त्याला हात लावायचा नाही.
तो एका रविवारी मोडला.
केणी वहिनी कचऱ्याची बादली ठेवायला बाहेर आल्या,
वारा आला, नाइट लॅच लागला,
आत कुकर. दुसरी शिट्टी. तिसरी.
मी घरातून फडकं आणलं.
चौथीच्या आत दार उघडं होतं.

संध्याकाळी तांदळाच्या भाकऱ्या आल्या, सोबत सुकट.
त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर
सलग तीन संध्याकाळी ड्रिल चालू होतं.
कुणी काही बोललं नाही.
लिफ्टमध्ये थोडी जास्त जागा मिळू लागली.
नवी कुलुपं कुठल्या कंपनीची ते बघायचं नाही
असं मी ठरवलं.
(दोन बरी आहेत. एक अगदीच वाईट.)

मग एकदा रात्री साडेनऊला केणी वहिनी
खोक्यासकट नवं कुलूप घेऊन दारात.
"हे लावू का? आधी तुम्ही बघा."
चहा झाला, बातम्या झाल्या, त्या बसूनच.
चाळीस मिनिटांनी उघडलं.
त्यांचा चेहरा पडला.
"लावा," मी म्हटलं. "चोर चाळीस मिनिटं बसत नाही, वहिनी.
चोराला चहा कोण देणार?"

त्या हसल्या. मी माझं पुन्हा वाइसमध्ये धरलं.

गाभा केसभर फिरला आणि थांबला.
हा खोटा होकार, याला मी ओळखतो:
वाटतं झालं,
आणि जोर लावावा तितकं ते मिटत जातं.
इथून पुढे जायचं तर हात सैल सोडावा लागतो,
मिळवलेलं सगळं पडू शकेल इतका सैल.
शेडमध्ये हे मला कुणी शिकवलं नाही.
सोडला.

पडलं सगळं. टिक, टिकटिक,
आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढं.
"गेलं?"
"गेलं."
"उद्या पहिली पाळी आहे ना तुझी?"

दिवा घालवला.
पंप बंद झाला, बेलापूर रोडवरचा एखादा ट्रेलर तेवढा.
अंधारात अंगठ्यावर पट्टीचा वळ चाचपतो,
एकेक पिन पुन्हा मोजतो, पहिली, दुसरी,
आणि उठून बसतो.

चौथी.
चौथीची उंची बरोबरच होती.
नुसती वळायची राहिली होती.