कोणत्या खणात

मोसुलच्या तळघरात शमीरान
मातीच्या फुटक्या पाट्या निवडते,
तांदूळ निवडावेत तशी.
‘अमक्याला सांग’ आलं की पत्र.
आधी आकडा, मग वस्तू, खाली शिक्का: हिशेब.
‘जर’ने सुरू झालं तर शकुन,
नाहीतर कायदा, थोडं पुढे बघावं लागतं.

आज तळहाताएवढा तुकडा.
तीन मापं जव. एक घागर तेल.
एक सदरा, बाहीला ठिगळ.
मग आकडा नाही, वस्तू नाही:
‘दार लोटूनच ठेवते.’
पुढे तुटलंय.

योनान चहा ठेवत म्हणतो, पत्रच की हे.
कुणाला? ती विचारते.
आकड्याने सुरू झालं, ते हिशेबातच.

ठेवते तिथे.
दिवा मालवते, पुन्हा लावते.
खण पुरता ढकलत नाही.